पॉप गायिका शकिराने स्पेनमधला थकलेला कर भरला होता, तरी तिच्यावर फौजदारी खटला का चालला?

कारण नंतर पैसे भरल्याने गुन्हा पुसला जात नाही. स्पेनच्या दंडसंहितेत एका वर्षात 1,20,000 युरोंपेक्षा जास्त कर बुडवणं हा फौजदारी गुन्हा आहे. चौकशीची नोटीस येण्याआधी स्वतःहून भरलात, तरच सुटका. 2012 ते 2014 या काळात ती कागदोपत्री बहामासची रहिवासी होती, पण वर्षातले 183 पेक्षा जास्त दिवस, म्हणजे स्पेनमध्ये कर लागू होण्याइतके, स्पेनमध्येच राहिली, असा सरकारी पक्षाचा आरोप होता. बुडवल्याचा आरोप असलेला कर साधारण 1.45 कोटी युरो. (म्हणजे भांडण खरं तर दिवस मोजण्याचं!) मात्र निकाल पुराव्यांवर लागला नाही, नोव्हेंबर 2023 मध्ये खटल्याच्या पहिल्याच दिवशी तिने आरोप मान्य करून तडजोड केली. 70 लाख युरोंहून जास्त दंड झाला, 3 वर्षांची शिक्षा स्थगित राहिली.