घरच्या कॉम्प्युटरवर अँटिव्हायरस आहे, मग विंडोजचे अपडेट कशाला घ्यायचे?

घ्याच. अँटिव्हायरस हा दारावरचा राखणदार. भिंतीलाच भगदाड असेल तर तो किती पुरणार? ते भगदाड बुजवतो अपडेट.

मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाचा घातक प्रोग्राम दीडशेच्या आसपास देशांत पसरला. फायली कुलूपबंद करायचा आणि सोडवायला बिटकॉइनमध्ये खंडणी मागायचा. विंडोजमधल्या ज्या भगदाडातून तो शिरायचा, ते बुजवणारा अपडेट मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधी, मार्चमध्येच दिला होता! ज्यांनी तो घेतला नव्हता, ते सापडले.

इथे सांगलीत मार्केट यार्डात माझ्या मामांचं हळदीचं दुकान आहे. नेट संपतं म्हणून त्यांनी अपडेट बंद ठेवले होते. एका सकाळी हिशोबाची एकही फाईल उघडेना. दुसरी प्रत नव्हती. मामांचा तो चेहरा अजून आठवतो.

सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेट उघडा, आलेलं सगळं घ्या आणि रीस्टार्ट करा. त्याशिवाय बरेच अपडेट लागूच होत नाहीत. ब्राउझरचंही तेच. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणून मशीन झेपत असेल तर ११ वर जा.

फायलींची एक प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर घ्या, काम झालं की ती काढून ठेवा. आणि २०१९ चा पूर आठवून सांगतो, वरच्या मजल्यावर ठेवा.