मुंबईत १९२१ साली हजारातली ६६७ बाळं खरंच दगावली?

प्रश्न : माझी पणजी राजापूर तालुक्यातली. पणजोबा परळला गिरणीत होते, बिऱ्हाड चाळीतल्या एका खोलीत. आजोबांच्या आधीची तीन मुलं वर्षाच्या आत गेली. घरात अजून म्हणतात, ‘तिच्या पदरात मूल टिकतच नसे.’ १९२१ साली मुंबईत जन्मलेल्या हजार मुलांमागे ६६७ गेली, असं नुकतंच वाचलं. हे खरं का? आणि त्या तिघांची नोंद कुठे मिळेल? – एक वाचक, राजापूर

उत्तर : तो आकडा त्या काळच्या सरकारी नोंदींतलाच आहे. पण तीनातली दोन मुलं मेली असा त्याचा सरळ अर्थ लावू नका. माझी सगळी नोकरी जन्म-मृत्यूच्या वह्यांत गेली, म्हणून जरा खोलात जाते.

शहरात त्या वर्षी एक वर्षाखालची जितकी मुलं वारली, त्या संख्येला शहरात नोंदलेल्या जन्मांनी भागायचं, असा तो हिशेब. मृत्यू सहसा सुटत नसे, कारण दहन-दफनाच्या वेळी नोंद होई. जन्माचं तसं नव्हतं. १९२१ च्या शिरगणतीत मुंबईची वस्ती ११,७५,९१४ भरली, त्यातली जेमतेम १६ टक्के माणसं मुंबईत जन्मलेली. बाहेरून आलेल्यांत सर्वांत जास्त रत्नागिरी जिल्ह्याची, आणि सावंतवाडी संस्थान सोडलं तर आजच्या सिंधुदुर्गाचा बराचसा भाग तेव्हा त्याच जिल्ह्यात होता. हजार पुरुषांमागे बायका फक्त ५२५. ज्या होत्या त्यांतल्या कितीतरी बाळंतपणाला बोटीने गावी जात, पावसाळ्यात बोटी बंद होण्याआधी. मूल गावी जन्मे, चारसहा महिन्यांचं झालं की आई त्याला घेऊन पुन्हा खोलीवर येई.

आता समजा, एका चाळीत दहा बायकांना दिवस गेले. सहाजणी गावी गेल्या, चौघी मुंबईत बाळंत झाल्या. पुढे दहाही मुलं मुंबईत आली आणि त्यांतली तीन गेली. खरा दर हजारी ३००. वहीत मात्र जन्म चार आणि मृत्यू तीन, म्हणजे हजारी ७५०! ६६७ मध्ये असा फुगवटा नक्की आहे.

पण म्हणून तो आकडा खोटा ठरवून बाजूला सारणाऱ्यांचा मला राग येतो. त्याच वर्षीच्या आरोग्य खात्याच्या अहवालात घराच्या खोल्यांप्रमाणे फोड आहे : एका खोलीत हजारी ८२८, दोन खोल्यांत ३२२, तीन खोल्यांत १९१, चार किंवा जास्त खोल्यांत १३३. गावी जाऊन बाळंत होणाऱ्या बायका जास्त करून एका खोलीवाल्यांच्याच, तेव्हा ८२८ सर्वांत फुगलेला, हे मान्य. तो पूर्ण सोडून द्या. तरी दोन खोल्यांत चार खोल्यांच्या दुपटीहून जास्त मुलं जात होती. आणि शहराची ६६ टक्के वस्ती एका खोलीच्या बिऱ्हाडांत राहत होती, खोलीमागे सरासरी चार माणसं. सरासरीच ती, परळ-भायखळ्याकडे एका खोलीत दोन कुटुंबं आणि वर खाणावळीचे गडी, असंही असे. चूल तिथेच, मोरी तिथेच, खोकणारा माणूस तिथेच निजलेला.

त्यात बाळगोळी. आई गिरणीत गेली की मूल दिवसभर निजून राहावं म्हणून अफूची गोळी चाटवत. त्याच सुमारास सरकारने नेमलेल्या डॉ. बार्न्स यांनी पाहणी केली, तेव्हा गिरणीकामगार बायकांच्या जवळजवळ सगळ्या मुलांना, शंभरात ९८ जणांना, ती दिली जात असल्याचं आढळलं. मूल सुस्त पडे, दूध ओढत नसे आणि वाळत जाई. या बायकांना निर्दय म्हणू नये. घरी थांबावं तर पगार बुडायचा. मुंबई इलाख्यात बाळंतपणाच्या भत्त्याचा कायदा झाला तो १९२९ साली.

तुमच्या पणजीच्या पदराला दोष देणाऱ्यांना हे सगळं सांगा. त्या खोलीत कुठल्याही बाईचं मूल जगणं अवघडच होतं.

आता नोंदीचं. तिघं मुंबईत वारली असतील तर मृत्यूची नोंद महापालिकेकडे. परळ तेव्हा एफ वॉर्डात होतं, आज ते एफ दक्षिणमध्ये येतं, तिथल्या आरोग्य विभागात अर्ज करा. मुलाच्या नावाने शोधत बसू नका, बारशाआधीच्या नोंदीत नाव नसतंच. पणजोबांचं नाव, त्यांच्या वडलांचं नाव आणि चाळीचा पत्ता द्या. आडनाव लावलेलं नसेल किंवा आडनावाच्या जागी जात वा गाव असेल, तेही डोळ्यांखालून घाला. मृत्यू सापडला आणि जन्म सापडला नाही, तर बाळंतपण गावी झालं असं धरा आणि राजापूरच्या तहसील कचेरीत अभिलेख कक्षात पणजीच्या माहेरच्या गावचं कोतवाल बुक, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूंची वही (गाव नमुना १४), मागा. सासरचं गाव नंतर पाहा. त्या काळची पानं बहुतेक मोडीत असतील, तेव्हा नक्कल घेऊन मोडी वाचणाऱ्याकडून लिप्यंतर करून घ्या.