अंगणातलं झाड, गल्लीची माशी

प्रश्न : अंगणात दहा वर्षांचा पेरू आहे. श्रावणात झाड लगडतं, पण फळ कापलं की आत अळ्या. औषध मारूनही फरक नाही. – वाचक, इंदिरानगर

उत्तर : अळ्या दिसल्यावर मारलेलं औषध वायाच जातं, कारण तोवर त्या गरात शिरलेल्या असतात. हे काम फळमाशीचं. पेरूचा गडद हिरवा रंग फिका पडायला लागला की मादी साल टोचून आत अंडी घालते. निरखून पाहा, टाचणीच्या टोकाएवढा ठिपका आणि भोवती मऊ पडलेली साल दिसेल. वाढलेली अळी मातीत उतरून कोष करते आणि आठ-दहा दिवसांत नवी माशी तयार. म्हणून गळालेले पेरू रोजच्या रोज उचला. कंपोस्टच्या खड्ड्यात टाकलेत तर घरीच माश्या पाळल्यासारखं होईल. जाड पिशवीत गच्च बांधून आठवडाभर उन्हात ठेवा. ऊन नसेल तर भरल्या बादलीत बुडवा.

मिथाइल युजेनॉलचे, म्हणजे नरमाशीला ओढणाऱ्या वासाचे, सापळे कृषी सेवा केंद्रात मिळतात, पण त्यात फक्त नर सापडतात. एकट्या तुम्ही सापळा लावलात तर गल्लीतले नर तुमच्याकडे गोळा होतील आणि शेजारच्या आवारात मीलन झालेली मादी येऊन खुशाल अंडी घालून जाईल. तेव्हा पेरू, आंबा, चिकू असलेल्या सगळ्या घरांनी एकाच आठवड्यात लावा. डोक्याच्या उंचीवर, सावलीत. आतली वडी दीड-दोन महिन्यांनी बदला. हाताला येणारी फळं लिंबाएवढी झाली की कागदी पिशवीत बांधा. प्लॅस्टिकमध्ये पाणी साचून ती कुजतात.

आमचं विचाराल तर पावसाळी बहर सोडूनच द्या. मेच्या मध्यावर यंदाच्या कोवळ्या फांद्या निम्म्या लांबीपर्यंत छाटा. फुलं-कळ्या जातील, जीव हळहळेल. पण पेरू नव्या फुटीवर फुलतो, त्यामुळे पुढची फळं थंडीत येतात, तेव्हा माशीही कमी असते. नाशिकच्या थंडीतल्या पेरूची गोडी वेगळी सांगायला नकोच.

प्रश्न : सोसायटीतल्या आंब्याखाली मोहराच्या दिवसांत गाड्यांच्या काचांवर चिकट थेंब पडतात. झाड काढा, असं काहींचं म्हणणं आहे. बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक आहेत. – वाचक, गंगापूर रोड

उत्तर : ते थेंब तुडतुड्यांचे. मोहराचा रस शोषून ते गोड चिकटा सोडतात आणि त्यावर काजळी चढून पानं काळी पडतात. मोहराचे दांडे निघू लागले, पण फुलं उमलली नाहीत, तेव्हा संध्याकाळी फवारा : लिटरमागे ५ मिली निंबोळी तेल आणि ते पाण्यात मिसळावं म्हणून थोडा साबण. फुलांवर फवाराल तर मधमाश्या जातील. हातपंप शेंड्यापर्यंत पोचत नाही, मोटरचा पंप भाड्याने आणा.

ब्लॉक बुंध्याभोवती निदान मीटरभर काढा. खालचा ठोकलेला मुरूम मुळं न तोडता हलका करून वर चार बोटं पालापाचोळा पसरा, खोडाला चिकटवू नका. पाणी फांद्यांच्या घेराखाली द्या. बारीक मुळं तिथे असतात.

झाड काढण्याबद्दल : खासगी जागेतलं असलं तरी १९७५च्या झाडांच्या कायद्याप्रमाणे परवानगी लागते. मोठ्या फांद्या छाटायच्या असल्या तरी आधी महापालिकेच्या उद्यान विभागात विचारा. गाड्या महिनाभर दुसरीकडे लावणं त्याहून सोपं.

प्रश्न : फाटकाबाहेर विजेच्या तारेखाली जांभूळ लावू का?

उत्तर : नको, तारेला भिडेल. सीताफळ लावा, दोन फूट लांब-रुंद-खोल खड्डा पुरे.