ताप आला तर टेस्ट करू, असं चालेल का?

प्रश्न : मुलगा पुढच्या महिन्यात ऑफिसच्या कामाने ब्राझीलला, साओ पाउलोला चाललाय, नंतर मित्रांबरोबर इल्या ग्रांदी बेटावर फिरणारे. यलो फीवरची लस घ्यायला कंटाळा करतोय, म्हणतो ताप आलाच तर टेस्ट करीन की. टेस्टमध्ये लगेच कळतं का हो?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : त्याच बेटावर 2018 च्या सुरुवातीला लस न घेता गेलेल्या परदेशी पर्यटकांना यलो फीवर झाला होता आणि काही जण दगावले, हे आधी त्याला सांगा.

आता टेस्टचं. ताप आल्यावर पहिले काही दिवस व्हायरस रक्तात असतो, तेव्हा पीसीआरमध्ये, म्हणजे व्हायरसचा जनुकीय अंश शोधणाऱ्या टेस्टमध्ये, सापडतो. गंमत अशी की मग ताप उतरतो, माणूस म्हणतो झालो बरा, आणि काहींना एक-दोन दिवसांत पुन्हा ताप, कावीळ, रक्तस्राव सुरू होतो, तोवर व्हायरस रक्तातून गेलेलाही असू शकतो, म्हणजे पीसीआर निगेटिव्ह आली म्हणून सुटलो असं नाही. तेव्हा आयजीएम बघतात, म्हणजे संसर्ग झाल्यावर शरीर सुरुवातीला बनवतं ती अँटीबॉडी, ती साधारण पाचव्या दिवसानंतर दिसायला लागते. ताप कुठल्या तारखेला सुरू झाला हे लॅबच्या फॉर्मवर नीट लिहिलं नसेल तर रिपोर्टचा अर्थ लावणं अवघड होऊन बसतं.

लस घेतलेल्यांत आयजीएम लसीमुळेही येते, कधी कधी काही वर्षं टिकते. तुमच्या मुलाने लस घेतली नाही म्हणून तेवढा घोळ नाही, पण डेंग्यू आणि झिका याच कुळातले, आणि आपल्याकडे डेंग्यू किती जणांना होऊन गेलाय बघा! त्या जुन्या अँटीबॉडीजमुळेही टेस्ट फसते. मग न्यूट्रलायझेशन टेस्ट करावी लागते, म्हणजे रक्तातल्या अँटीबॉडीज नेमक्या याच व्हायरसला रोखतात का ते बघायचं, त्यात जिवंत व्हायरस लागतो, गल्लीतल्या लॅबचं ते काम नाही, पुण्याच्या एनआयव्ही या सरकारी व्हायरस संशोधन संस्थेसारख्या ठिकाणीच होतं.

लिव्हरच्या साध्या रक्त तपासणीच्या रिपोर्टमध्येही एक खूण असते, एसजीपीटी आणि एसजीओटी या दोन एन्झाइम्सची. नेहमीच्या व्हायरल काविळीत बहुतेक वेळा एसजीपीटी जास्त असतं, इथे सहसा एसजीओटी त्याच्या वर जातं. लिव्हरची बायॉप्सी (तुकडा काढून तपासणं) मात्र करायची नाही, रक्तस्राव थांबत नाही.

आणि समजा निदान झालंच, तरी या आजारावर खास औषध नाही, नुसती सपोर्टिव्ह ट्रीटमेंट. लस सरकारमान्य केंद्रातच मिळते, सर्टिफिकेट दहा दिवसांनी लागू होतं, आणि ते नसेल तर तिथून थेट परत येताना एअरपोर्टवरून सहा दिवसांपर्यंत क्वारंटाइनमध्ये जावं लागू शकतं. अपॉइंटमेंट आजच घ्या.