रमेदी आणि मर्सेस ही नावं आली कुठून?

प्रश्न असा आलाय की वसईतलं रमेदी हे नाव 'रामवेदी'वरून आलं का, आणि मर्सेस नावाचा मराठी अर्थ काय.

रामवेदीचा इथे काहीच संबंध नाही. दोन्ही नावं पोर्तुगीज आहेत आणि दोन्ही गावांना चर्चवरून पडलीत. 1534 ते 1739 वसई पोर्तुगीजांकडे होती, त्या काळात मारियामातेची चर्चेस वेगवेगळ्या बिरुदांनी बांधली गेली. 'नॉसा सेन्योरा दोस रेमेदियुस' म्हणजे दुखण्यावर उपाय करणारी आमची माता, रेमेदियु म्हणजे औषध, इलाज. आणि 'दास मर्सेस' म्हणजे दया करणारी. आता एकाचा शेवट गळला आणि दुसऱ्याचा तसाच राहिला हे का, तर मला वाटतं आघातामुळे, रेमेदियुसमध्ये जोर 'मे'वर पडतो म्हणून शेवटचं 'युस' बोलताना पुसट होऊन गेलं, पण मर्सेसमध्ये जोरच शेवटच्या 'सेस'वर आहे मग तो कसा गळणार!

मला यातली खरी गंमत वेगळीच वाटते. वसईत बहुतेक ठिकाणी उलटं झालंय, म्हणजे निर्मळचं चर्च होली क्रॉसचं, आगाशीचं सेंट जेम्सचं, सांडोरचं सेंट थॉमसचं, नंदाखालचं पवित्र आत्म्याचं, पण गावाचं जुनं नाव कुठेही हललं नाही, लोक सरळ 'नंदाखालचं चर्च' म्हणतात. पापडीचं चर्च तर 1998 मध्ये वसई धर्मप्रांत (म्हणजे एका बिशपच्या हाताखालचा प्रदेश) झाला तेव्हा कॅथेड्रल, म्हणजे बिशपचं मुख्य चर्च, झालं, तरी पापडी ती पापडीच. रमेदी नि मर्सेसला मात्र इमारतीने गावाला नाव दिलं. गोव्यात पणजीजवळही एक मर्सेस आहे, तिथे मात्र मोरोंबी हे जुनं नावसुद्धा कागदोपत्री टिकून आहे. शेजारच्या सांताक्रूझचं तसंच, जुनं नाव काळापूर.

आणखी एक, प्रश्नात 'पॅरिश' असाही शब्द लिहिलाय, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतली वस्ती, त्याला वसईत रुळलेला छान मराठी शब्द आहे, धर्मग्राम. महसुली गाव आणि धर्मग्राम एकच असेल असं नाही हां, एका धर्मग्रामात आजूबाजूच्या वाड्या-आळ्या, कधी दोनतीन गावंही येतात, त्यामुळे कोणी "आमचा धर्मग्राम अमुक" म्हणाला तर सातबाऱ्यावर तेच नाव सापडेल असं समजू नका. आणि चर्चला इथली जुनी ख्रिस्ती माणसं बोलीत 'देऊळ'च म्हणतात. "देवळात जाऊन येते" म्हणणारी म्हातारी मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेला, निघालेली असते! गोव्यात त्याच इमारतीला इगर्ज म्हणतात, तो पोर्तुगीज 'इग्रेजा', वसईकरांनी मात्र आपला घरचा शब्द सोडला नाही, याचं मला फार कौतुक वाटतं.

तर लिहिताना 'रमेदी' लिहा, कृपा करून 'रामेदी' करू नका.