सर्व्हे ऑफ इंडिया असताना 'इन्का'ची गरज का पडली?

सर्व्हे ऑफ इंडियासारखं जुनं खातं असताना इंडियन नॅशनल कार्टोग्राफिक असोसिएशन, म्हणजे 'इन्का', वेगळी का काढली, असं तुम्ही विचारलंय. मी कोकणातल्या एका कॉलेजात बरीच वर्षं भूगोलाची प्रात्यक्षिकं घेतली, त्यामुळे हा प्रश्न मला अगदी जवळचा आहे.

सर्व्हे ऑफ इंडिया १७६७ पासूनचं. पण ते सरकारी खातं, नकाशा करणाऱ्यांची संघटना नव्हे. जमीन मोजणाऱ्यांचं मुख्यालय डेहराडूनला. राष्ट्रीय अ‍ॅटलास काढणारी, १९५६ साली प्रा. एस. पी. चटर्जींच्या नेतृत्वाखाली उभी राहिलेली संस्था (आजची नॅटमो) कलकत्त्याला. उपग्रहाच्या चित्रांवर काम करणारे हैदराबादला. आणि शिकवणारे आम्ही आपापल्या गावी. काम सगळ्यांचं एकच, पण भेटायला जागा नाही. ही जागा १९७९ मध्ये 'इन्का'ने करून दिली, हैदराबादला. उप्पलची सर्वेक्षण प्रशिक्षण संस्था आणि रिमोट सेन्सिंगची, म्हणजे उपग्रहाच्या चित्रांवर काम करणारी संस्था, दोन्ही त्याच शहरात होत्या. माझ्या मते त्यामुळेच तिथे ती रुजली. त्याच वर्षी जूनमध्ये पृथ्वीचं निरीक्षण करणारा 'भास्कर-१' उपग्रह सुटला होता, म्हणजे नकाशाचं काम कुठे निघालंय हे दिसू लागलं होतं.

पुढे वेगवेगळ्या शहरांत अधिवेशनं होत गेली, 'इंडियन कार्टोग्राफर' हे नियतकालिक निघालं, शाखा झाल्या. पण माझ्या लेखी खरी वाढ म्हणजे त्या सभागृहात कोण कोणाशेजारी बसलं, ही. मोजणीतला माणूस, ड्राफ्ट्समन, शास्त्रज्ञ आणि भूगोलाचा मास्तर एकाच नकाशाबद्दल बोलू लागले.

त्या पिढीचे हात मी पाहिलेत. काचेच्या टेबलाखाली दिवा, वर लेप दिलेली पारदर्शक शीट, आणि सुईच्या टोकाने तो लेप खरवडून काढायची समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीची ठिकाणं जोडणारी रेषा. याला स्क्रायबिंग म्हणत. रेषा केसाइतकी बारीक आणि शेवटपर्यंत त्याच जाडीची हवी. समोच्च रेषांची शीट वेगळी, नदी-ओढ्यांची वेगळी, जंगलाची वेगळी. छापताना सगळ्या एकावर एक तंतोतंत बसायला हव्यात, नाहीतर ओढा डोंगराच्या सोंडेवरून वाहताना दिसतो. एक शीट पुरी व्हायला किती दिवस जात! ही कला आता संगणकाने गिळली. ती जाणणाऱ्यांना एकमेकांशी बोलायला व्यासपीठ मिळालं, याचं मोल मला फार वाटतं.

आता आमची अडचण सांगते. सीमेलगतच्या आणि किनारपट्टीलगतच्या टोपोशीट, म्हणजे सर्व्हे ऑफ इंडियाचे डोंगर-नद्या-गावं दाखवणारे तपशीलवार नकाशे, प्रतिबंधित असत. म्हणजे जवळजवळ अख्खं कोकण. खाडी, सडा, पुळण सगळं खिडकीतून दिसतंय, आणि टेबलावर मात्र विदर्भाची शीट! एका मुलीने विचारलं होतं, "मॅडम, आमच्या गावाचा नकाशाच नाही का?" आहे, पण आपल्याला मिळत नाही, एवढंच मी सांगू शकले. ते उत्तर मला अजून टोचतं.

२००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने लष्करासाठी वेगळी मालिका केली आणि लोकांसाठी ओपन सिरीज आणली. २०२१ मध्ये नियम आणखी सैल झाले. याचं श्रेय एका संघटनेला देता येणार नाही. पण नकाशा करणारे, शिकवणारे आणि वापरणारे एकमेकांना ओळखत नसते, तर ही चर्चा खात्याच्या भिंतींआडच राहिली असती, असं मला मनापासून वाटतं.

२०१७ मध्ये सर्व्हे ऑफ इंडियाने 'नक्शे' पोर्टलवर ओपन सिरीजचे नकाशे फुकट उतरवायला दिले. मी तेव्हा निवृत्त झाले होते. पहिली शीट उतरवली ती आमच्या गावाची. खाडीचं वळण, देवळाची खूण, होडीच्या तरीकडे जाणारी पायवाट, सगळं बोटाने शोधून पाहिलं आणि त्या मुलीला पाठवून दिली.