शून्य पराभव मोठा की समोर उभा राहिलेला माणूस मोठा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बॉक्सर फ्लॉइड मेवेदर 50 पैकी 50 लढती जिंकला, रॉकी मार्सियानो 49 पैकी 49. मग 5 वेळा हरलेला मुहम्मद अली किंवा 16 वेळा हरलेला रोबेर्तो दुरान त्यांच्या वर कसा? मी बरीच वर्षं बॉक्सिंग बघतोय आणि एके काळी मीही असाच हिशेब करायचो. शुगर रे रॉबिन्सनच्या लढती तारखेनुसार लावून वाचल्या, तेव्हा ती सवय सुटली.

रॉबिन्सन 40 लढती जिंकून फेब्रुवारी 1943 मध्ये जेक लामोटाकडून हरला. लामोटा त्याच्यापेक्षा 15-16 पौंडांनी जड होता आणि रॉबिन्सनने त्याला आधीच एकदा हरवलं होतं, म्हणजे पुन्हा लढायची काही गरज नव्हती. तरी लढला, हरला, आणि तीन आठवड्यांच्या आत त्याच लामोटाला हरवलं. दोघे एकूण 6 वेळा भिडले, त्यातल्या 5 रॉबिन्सनच्या. त्यानंतर 1951 पर्यंत त्याला कुणी हरवू शकलं नाही. मग लंडनमध्ये रँडी टर्पिनने हरवलं आणि दोन महिन्यांनी न्यूयॉर्कमध्ये परतीची लढत झाली. तिची दहावी फेरी जरूर पाहा. रॉबिन्सनच्या डोळ्यावर जखम उघडली होती, रक्त वाहत होतं, रेफ्री कधीही लढत थांबवेल अशी अवस्था. त्या क्षणी त्याने मागे न सरता टर्पिनला खाली पाडलं, उठल्यावर दोरांशी गाठून असं धुतलं की फेरी संपायला काही सेकंद असताना रेफ्रीला मध्ये पडावं लागलं. ही लढत हवी असेल तर आधीचा पराभव रेकॉर्डवर घ्यावाच लागतो.

दुसरं म्हणजे, शून्य पुष्कळदा गुण देणाऱ्या तिघा पंचांच्या पेन्सिलीवर टिकलेलं असतं. 1993 मध्ये सान अँटोनियोत चावेस विरुद्ध व्हिटेकर ही लढत झाली. चावेस तोवर 87 लढतींत अपराजित. बहुतेक बघणाऱ्यांच्या मते व्हिटेकर स्वच्छ जिंकला होता, निकाल लागला बरोबरीचा आणि शून्य वाचलं. चार महिन्यांनी फ्रँकी रँडलने ते घालवलं. आता मला सांगा, या दोनपैकी कोणत्या रात्री चावेस कमी प्रतीचा बॉक्सर ठरला?

मार्सियानोवर मात्र अन्याय नको. त्याच्या रेकॉर्डवरचं सगळ्यात मोठं नाव जो लुईचं, आणि तेच मी सगळ्यात कमी धरतो, कारण 1951 चा लुई 37 वर्षांचा, थकलेला होता. एझार्ड चार्ल्सही 1954 पर्यंत उतरणीला लागला होता. (चार्ल्सचं नाव आपल्याकडे फार कमी घेतलं जातं याचं मला मनापासून वाईट वाटतं. आर्ची मूरला तीनदा हरवलेला माणूस आहे तो!) पण वॉलकॉटविरुद्धची 1952 ची लढत खरी. पहिल्याच फेरीत मार्सियानो आयुष्यात पहिल्यांदा खाली गेला, बारा फेऱ्यांनंतर तिन्ही पंचांकडे मागे होता. तेराव्यात वॉलकॉटची पाठ दोरांना लागली आणि मार्सियानोचा आखूड उजवा ठोसा बसला. वॉलकॉट एक हात दोरात अडकवून गुडघ्यावर बसत गेला. मी मार्सियानोला थोर मानतो तो या फेरीसाठी. 49 या आकड्यासाठी नाही.

म्हणून कुणाचंही रेकॉर्ड बघताना मी प्रतिस्पर्ध्याचं नाव शेवटी वाचतो. आधी त्या रात्रीचं त्याचं वय, वजन आणि त्याच्या मागच्या दोन-तीन लढती. दुरानचं उदाहरण घ्या. हर्न्सने त्याला 1984 मध्ये दोन फेऱ्यांत झोपवलं. 1988 मध्ये आयरन बार्कलीने त्याच हर्न्सला तिसऱ्या फेरीत झोपवलं. पुढच्याच वर्षी 37 वर्षांचा दुरान, मुळात लाइटवेट या हलक्या वजनगटाचा, त्याहून बऱ्याच जड मिडलवेट गटातल्या बार्कलीसमोर उभा राहिला, अकराव्या फेरीत त्याला खाली पाडलं आणि गुणांवर जिंकून विजेतेपदाचा बेल्ट घेतला. त्या 16 पराभवांची बेरीज या रात्रीला कमी करू शकत नाही.

शून्य आणि प्रतिस्पर्धी दोन्ही जमवलेला माणूस हवा असेल तर युक्रेनचा उसिक आहे. क्रूझरवेटचे (हेवीवेटच्या खालच्या वजनगटाचे) बेल्ट त्याने प्रतिस्पर्ध्यांच्या गावात जाऊन गोळा केले: ब्रिएडिसला रिगात, गासिएव्हला मॉस्कोत हरवलं. मग हेवीवेटला येऊन जोशुआ दोनदा, फ्युरी दोनदा. त्याच्या शून्याला मी पूर्ण वजन देतो.

मेवेदरचं शून्य मला मिश्र वाटतं. कोराल्स, दे ला होया, कोटो या खऱ्या लढती. कानेलोला त्याने कानेलोच्या 23व्या वर्षी, वजन 152 पौंडांवर उतरवायला लावून गाठलं. पाकियाओ 36 वर्षांचा झाल्यावर मिळाला. आणि पन्नासावा, मिश्र मार्शल आर्ट्समधला मॅकग्रेगर, तर व्यावसायिक बॉक्सिंगमधली पहिलीच लढत खेळत होता. माझ्या लेखी त्याची सगळ्यात मोलाची लढत कास्तियोशी झालेली, एप्रिल 2002 ची. निकाल वादग्रस्त ठरला आणि मेवेदरने त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पुन्हा त्याच्याशीच लढून जिंकून दाखवलं. ती पहिली लढत समालोचनाचा आवाज बंद करून बघा आणि कागदावर फेरीगणिक स्वतः गुण द्या. मी दोनदा दिले, दोन्ही वेळा कास्तियो पुढे निघाला. तुमचे किती येतात ते कळवा.